हॉलिसने तळ्यात काय बुडवलं?

"झाड उतरवायला काय अक्कल लागते?" हॉलिस टिडवेल म्हणाला, आणि तिथेच सगळं बिघडलं.

त्याची बायको नेड्रा गाडीत बसली होती. चॅटनूगाला तिची धाकटी बहीण ज्वेल राहते, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. बुधवारी जायचं, शनिवारी परत यायचं, असा बेत होता. नाताळ होऊन दोन आठवडे उलटले होते आणि बैठकीतलं नाताळचं झाड आता गालिच्यावर सुईसारख्या पानांच्या काड्यांचा सडा घालत होतं.

"मी येईपर्यंत त्याला हात लावू नकोस," नेड्रा काच खाली करून म्हणाली.

"अगं, शनिवारपर्यंत त्याचा खराटा होईल!"

"मग होऊ दे."

"नेड्रा, अडतीस वर्षं मी तुला झाड उतरवताना बघतोय."

"बघतोस कुठे? घोरतोस!" ती म्हणाली. पण ज्वेल वाट बघत होती, म्हणून तिने हार मानली. "बरं, ऐक. झाडावरची एकेक वस्तू कागदात गुंडाळायची आणि अंड्यांच्या खोक्यात ठेवायची. झाकणाच्या आत मी नावं लिहिलीत. ज्या खळग्याला जे नाव, तीच वस्तू त्यात. कळलं?"

"तू निर्धास्त जा! इतकं नीट आवरतो की पुढच्या वर्षी तूच मला बोलावशील."

आता या हॉलिसला एवढी घाई का होती, ते सांगायला हवं. आमचं तळं हे काही देवाने केलेलं तळं नाही. खाली धरण बांधलं आणि अख्खी दरी झाडांसकट पाण्याखाली गेली. अजूनही पाण्यातून वठलेले बुंधे वर आलेले दिसतात, आणि खाली ओंडके, फांद्या, मुळं यांचा नुसता गुंता आहे. बास माशाला असला गुंता फार आवडतो. जिथे लाकूड, तिथे बास! म्हणून जानेवारी उजाडला की आमच्याकडचा प्रत्येक पुरुष आपलं नाताळचं झाड घेऊन, सिमेंटचे ठोकळे बांधून, गुपचूप तळ्यात बुडवून येतो. कुठे बुडवलं ते तो सख्ख्या भावाला सांगत नाही. सगळ्यांची आळीमिळी गुपचिळी! आणि झाड हिरवं असतानाच बुडवलेलं बरं, असं सगळे मानतात.

त्यात हॉलिस पडला काठावरचा मासेमार. एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली, पण बोट कधी घेतली नाही. "बोटीत बसून कुणीही मासे धरेल!" असं तो शेजारच्या पर्व्हिस गँडीला दर रविवारी चर्चच्या पायरीवर ऐकवायचा. पर्व्हिसकडे बोट आहे, म्हणून खास त्याला. "काठावर उभं राहून, असल्या लाकडांच्या जंगलात गळ टाकायचा आणि न अडकवता बाहेर काढायचा, ही खरी कला! गळाचं टोक रबराच्या गांडुळाच्या पोटात लपवायचं. मग तो फांद्यांमधून असा सरपटत येतो, की फांदीलाही पत्ता लागत नाही. गेल्या वर्षभरात माझा एकही गळ अडकलेला नाही, पर्व्हिस. एकही!"

गुरुवारी त्याने झाड उतरवलं. एकेक गोळा, एकेक घंटा कागदात गुंडाळली, खोक्यांत भरली. शुक्रवारी पहाटे धुकं असतानाच झाड जुन्या पांढऱ्या चादरीत घट्ट गुंडाळलं. चादर कशासाठी? तर गाडीतून काड्या सांडत गेल्या की त्यांच्या मागावर कुणीही तुमच्या गुप्त जागी पोचतो. पर्व्हिसची जागा हॉलिसला मागच्या वर्षी अशीच सापडली होती. तळ्याच्या पश्चिमेच्या खोबणीत, म्हणजे पाणी जिथे काठात आत घुसलंय तिथे, एक मोठा बुंधा आडवा पडलाय. त्यावरून तोल सांभाळत, ते चादरीतलं धूड ओढत तो टोकापर्यंत गेला. खाली जुन्या ओढ्याचं पात्र आहे, चौदा फूट तरी खोल. फांद्या बाहेर याव्यात म्हणून चादर जरा सैल केली, दोन ठोकळे बांधले, एक धक्का दिला, आणि झाड गुडूप!

घरी येऊन त्याने कॉफी केली. टेबलावर अंड्यांची चार खोकी ओळीने मांडली होती, ती अभिमानाने उघडून बघू लागला. तिसऱ्या खोक्यात एक खळगा रिकामा होता. झाकणावर नेड्राच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बाबा'.

हॉलिसने चारही खोकी पुन्हा एकदा चाळून पाहिली.

त्या खळग्यातला होता एक पक्षी. अंगठ्याएवढा, सीडरच्या लाकडाचा, तांबडा रंग दिलेला. नेड्राचे वडील लाकडाच्या गिरणीत कामाला होते. ती सहा वर्षांची असताना गोवर येऊन अंथरुणात पडली, तेव्हा तिच्या उशाशी बसून त्यांनी तो कोरला होता. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. त्यांचा एक फोटो सोडला तर नेड्राकडे त्यांचं एवढंच होतं. दर वर्षी ती तो सगळ्यांत शेवटी लावायची, खूप आत, खोडाला लागून, कुणाचा धक्का लागू नये म्हणून, आणि तार नीट पिळायची. मग थोडा वेळ काही न बोलता बसायची. हे मात्र हॉलिसने पाहिलं होतं. तेवढ्यापुरता तो जागा असायचा.

नेड्रा रागावेल याची त्याला भीती नव्हती. रागावण्यात ती वाकबगार होती आणि ऐकून घेण्यात तो. पण ती रागावणारच नाही, नुसती त्या रिकाम्या खळग्याकडे बघत बसेल, हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्याने कॉफीचा कप तसाच बाजूला सारला. शनिवारी ती यायच्या आत पक्षी वर आलाच पाहिजे!

बोट मागावी, तर ती पर्व्हिसची. म्हणजे गुप्त जागा त्याच्या हाती, आणि बातमी त्याच्या बायकोच्या, ऑर्लीनच्या तोंडी. ऑर्लीनच्या तोंडी म्हणजे तासाभरात चॅटनूगाला. तेव्हा हॉलिसने आपली जाडजूड तंगुसाची काठी काढली आणि तो बुंध्याच्या टोकावर जाऊन उभा राहिला. गळ टाकायचा, झाडात अडकवायचा आणि ओढून काढायचं. अडकवायला काय लागतं? जगातला कुठलाही गाढव गळ अडकवू शकतो!

हॉलिस सोडून.

त्याने गळ टाकला, फांद्यांतून आणला, गळ सरपटत बाहेर. पुन्हा टाकला, पुन्हा बाहेर. पन्नास वर्षांची सवय मनगटात मुरलेली. फांदी लागली रे लागली, की हात आपोआप हलकेच झटका देऊन गळ सोडवून घ्यायचा. "अरे अडक ना मेल्या!" तो ओरडला. गांडूळ काढून टाकलं, उघडा गळ टाकला. तो तर साबणासारखा निसटून आला. मग त्याने तीन तोंडांचा मोठा गळ लावला. तो मात्र टाकल्याबरोबर घट्ट बसला!

"सापडलं!" हॉलिस ओरडला. काठी कमानीसारखी वाकली, आणि मग ती डावीकडे पळू लागली.

झाडं डावीकडे पळत नाहीत. चार पौंडाचा बास होता.

जानेवारीत आमचे बास इतके सुस्त असतात, की नाकासमोर गांडूळ नाचवलं तरी जांभई देतात. पण त्या दुपारी, नवं घर बघायला जमावं तसे सगळे तिथे जमले होते. पाच पौंड. तीन पौंड. पुन्हा पाच. हॉलिस एकेकाला सोडवून पाण्यात भिरकावत होता. "भीक नको पण कुत्रं आवर!" तो आभाळाकडे बघून म्हणाला, तेवढ्यात काठी हातातून जवळजवळ सुटली. दहा मिनिटं झुंजल्यावर वर आला तो आठ पौंडाच्या पुढचा बास. असा मासा हॉलिसला साऱ्या हयातीत लागला नव्हता. याच्यासाठी त्याने लग्नाचा वाढदिवस चुकवला असता. खरं तर एकदा चुकवलाही होता.

"चल हट! मध्ये मध्ये करू नकोस!" असं म्हणून त्याने तो पाण्यात फेकला, आणि बाहीने डोळे पुसले.

वीस हातांवर पर्व्हिस गँडी आपल्या बोटीत उभा होता. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"हॉलिस," तो चर्चमधल्या आवाजात म्हणाला, "तो... आठाचा होता."

"असेल."

"तू परत टाकलास."

"मग काय करू? त्याला जेवायला घालू?"

"बरं आहे ना रे सगळं? नेड्रा कुठाय?"

"ज्वेलकडे. आणि तिला फोन-बिन करू नकोस हं! तिला यातलं काही कळता कामा नये!"

"कशातलं?"

"कशातलंच नाही! जा ना तू!"

पर्व्हिस गेला. पण आठ पौंडाचा बास न मोजता परत टाकणारा माणूस शुद्धीवर नसतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्या संध्याकाळी गँडींच्या जेवणाच्या टेबलावर काय झालं, ते हॉलिसला पुढे समजलं. पर्व्हिसने माशाची हकिकत सांगितली. ऑर्लीनच्या हातातला चमचा खाली पडला. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी पश्चिमेच्या खोबणीकडे उघडते.

"पर्व्हिस! मी पहाटे पाहिलं त्याला! पांढऱ्या चादरीत काहीतरी गुंडाळलेलं ओढत नेत होता. माणसाएवढं लांब! आणि दोन सिमेंटचे ठोकळे!"

"झाड असेल गं."

"झाडाला कुणी चादरीत गुंडाळतं? त्याला काय थंडी वाजते? आणि झाड बुडवून माणूस रडतो?"

पर्व्हिस थोडा विचारात पडला. "आठ पौंडाचा होता," तो पुटपुटला. तेवढं पुरेसं झालं.

शनिवारी सकाळी हॉलिस छातीपर्यंतची रबरी विजार चढवून कंबरभर पाण्यात उभा होता. कपडे वाळवायच्या लांब बांबूला त्याने बागेतलं दाताळं बांधलं होतं. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, बोटं थंडीने निळी पडली होती, आणि बांबू दोन हातांनी कमी पडत होता.

"नेड्रा, माफ कर मला," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "मी असं करायला नको होतं."

"मिस्टर हॉलिस," मागून आवाज आला, "जरा बाहेर येता का पाण्यातून?"

शेरीफच्या कचेरीतला पोलीस स्पाइव्ही काठावर उभा होता, हात पट्ट्यावर ठेवून. आता तो चाळिशीचा झालाय, पण शाळेत असताना हॉलिसच्या बसमध्ये मागच्या बाकावर बसून त्याने जो उच्छाद मांडला होता, त्यासाठी हॉलिसने त्याला तीनदा रस्त्यात उतरवलं होतं. त्याच्या मागे पर्व्हिस, ऑर्लीन आणि आणखी दहाबारा जण होते.

"आत्ता नको, स्पाइव्ही. कामात आहे."

"काय शोधताय?"

झाड म्हणावं, तर पर्व्हिस समोर उभा. पक्षी म्हणावं, तर ऑर्लीन समोर उभी.

"चष्मा पडलाय माझा," हॉलिस म्हणाला.

"तो तुमच्या नाकावर आहे, मिस्टर हॉलिस."

"दुसरा!"

"मिस नेड्रा कुठे आहेत?" स्पाइव्हीने विचारलं. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने 'मिस'च म्हणतात.

"बहिणीकडे."

"मग त्यांना फोन लावूया."

"नको!" हॉलिस असा ओरडला, की बुंध्यावरचा बगळा उडाला. "म्हणजे, कशाला तिला त्रास? ती... ती विश्रांती घेतेय."

ऑर्लीनने हुंदका दिला. स्पाइव्हीने नेड्राला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. नेड्रा गाडी चालवताना फोन पर्समध्ये आणि पर्स मागच्या सीटवर ठेवते, हे हॉलिसने सांगितलं असतं. पण आज ती इतक्या सकाळी निघाली असेल हे त्याला तरी कुठे माहीत होतं? मग स्पाइव्हीने ज्वेलला लावला. ज्वेल दुखण्याच्या गोळ्या घेऊन झोपेत होती.

"नेड्रा?" ती म्हणाली. "नेड्रा नाही इथे." आणि तिने फोन ठेवून दिला.

स्पाइव्हीने टोपी काढली. एकेक करत सगळ्यांनीच टोप्या काढल्या.

त्यानंतर जे झालं ते आमचं गाव कसं आहे त्याचा नमुना आहे. अर्ध्या तासात काठावर चाळीस माणसं आणि पाण्यात नऊ बोटी. कुणी दुकान बंद करून आलं, कुणी गाईची धार अर्धी टाकून. लोखंडी आकडे आणले, दोरखंड आणले. हॉलिसला वाटलं, ही माणसं त्याच्या चष्म्यासाठी आली आहेत, आणि त्याला इतकं भरून आलं, की नाही म्हणवेना. बरं, चष्मा शोधता शोधता झाड वर आलं तर कुणाला नकोय? फक्त चष्म्यासाठी एवढे मोठे आकडे कशाला, हे त्याला कळेना.

पण तळं ढवळायला सुरुवात झाली आणि स्पाइव्हीची पंचाईत झाली.

"पर्व्हिस, तू त्या पडक्या धक्क्यापासून सुरू कर."

"तिथे? छे छे, तिथे काही नाही," पर्व्हिस घाईघाईने म्हणाला. "सरळ वाळू आहे. इकडून करतो ना मी."

"इकडे नको!" दुसऱ्या बोटीतून आवाज आला. "इकडचं मी नुकतंच बघितलंय."

"केव्हा?"

"नुकतंच!"

प्रत्येकाला तळ्याचा एकेक कोपरा असा माहीत होता, की तिथे काहीच नाही याची तो शपथेवर खात्री द्यायला तयार होता. चोराच्या मनात चांदणं! शेवटी स्पाइव्ही वैतागून म्हणाला, "मग उत्तरेच्या वळणापासून घ्या." आणि दुसऱ्याच क्षणी गडबडून म्हणाला, "नाही, म्हणजे, तो भाग सरकारी दृष्टीने तपासायची गरज नाही."

तोवर एका ट्रकच्या पुढच्या पत्र्यावर बायकांनी कॉफी मांडली होती. आमच्याकडे कुणी गेल्याचं कळलं, की आधी ओव्हन पेटतात आणि मग डोळे ओले होतात. ऑर्लीन थर्मासमधली कॉफी घेऊन पाण्यात दोन पावलं आली आणि हॉलिसच्या हाताला हात लावून म्हणाली, "तू काय केलंयस ते देव बघेल, हॉलिस. पण खाऊन घे काहीतरी. तुझ्या दारात कोंबडी-भात ठेवून आलेय मी. सगळ्यांनीच काही ना काही ठेवलंय."

"का? कोण गेलं?" हॉलिसने विचारलं.

हॉलिसने तिच्याकडे पाहिलं, मग त्या आकड्यांकडे, मग हातात टोप्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडे. आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अरे, वेड लागलंय का तुम्हाला?" तो किंचाळला. "झाड आहे ते! झाड! आमचं नाताळचं झाड बुडवलंय मी इथे!"

नऊही बोटी जागच्या जागी थांबल्या.

"इथे?" पर्व्हिस बोटीत उभा राहिला. "ओढ्याच्या पात्रात? म्हणजे दर वर्षी तू माझ्या खिडकीसमोर... आणि मी रोज इथून बोट काढतो!"

"पर्व्हिस, तो मुद्दा नाही," स्पाइव्ही म्हणाला.

"तोच मुद्दा आहे!"

"मिस्टर हॉलिस, झाड म्हणायला काय, कुणीही म्हणेल. झाड दाखवा, नाहीतर मिस नेड्रा दाखवा."

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर गाडीचं दार आपटलं, आणि नेड्रा टिडवेल धावत उतरणीवरून खाली आली. कोटाची बटणं उलटसुलट लागलेली, चेहरा पांढराफटक. घरी पोचली तर दारात अकरा झाकलेली भांडी, आणि एकावर चिठ्ठी, 'हॉलिस, आमच्या प्रार्थना तुझ्यासोबत आहेत.' खाली तळ्याशी सगळं गाव जमलेलं. ज्वेलला तर ती आत्ताच सुखरूप सोडून आली होती.

"कोण गेलं?" तिने धापा टाकत विचारलं. "अरे बोला ना कुणीतरी! कोण गेलं?"

शेवटी ऑर्लीन म्हणाली, "तू."

"मी?"

"हो गं. कालपासून."

"आणि मला कुणी कळवलं नाही?"

मग जो गलका झाला तो सांगता येत नाही. ऑर्लीन तिच्या गळ्यात पडली. एकजण बोटीतून पाण्यात पडला. स्पाइव्हीने टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. सगळे हसत होते, रडत होते. एकटा हॉलिस पाण्यात तसाच उभा होता. कारण त्याचं संकट आता कुठे आलं होतं.

तो बाहेर आला. रबरी विजारीतून पाणी गळत होतं. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "नेड्रा, बाबांचा पक्षी झाडाबरोबर गेला. मी खोडाजवळ बघितलंच नाही. कालपासून काढायला बघतोय."

त्याला वाटलं होतं तसंच झालं. ती रागावली नाही. ट्रकच्या मागच्या फळीवर बसली आणि पाण्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "कुठे टाकलंस?"

"त्या बुंध्याच्या टोकाशी. पन्नास वेळा गळ टाकला, नेड्रा. अडकतच नाही."

नेड्रा उठली. "काठी दे इकडे."

आता हे सांगायलाच हवं, की लग्नानंतर हॉलिसने नेड्राला तीन वेळा मासे धरायला नेलं होतं. पहिल्या खेपेला तिचा गळ ओंडक्यात अडकला. दुसऱ्या खेपेला झाडाच्या शेंड्यात. तिसऱ्या खेपेला हॉलिसच्या कानात. चौथी खेप झाली नाही. या बाईने टाकलेला गळ अडकला नाही असं देवाच्या राज्यात कधी घडलेलं नव्हतं.

ती बुंध्यावर चढली. हॉलिस मागून तिचा कोट धरून उभा राहिला. सवयीने म्हणाला, "मनगट सैल, आणि फांदी लागली की हलकेच..."

"गप्प बस, हॉलिस!"

तिने काठी दोन्ही हातांनी धरून, कपडे आपटावे तशी आपटली. गळ कसाबसा टोकापाशी पडला, बुडाला, आणि तिने खेचला.

"अडकला!" नेड्रा म्हणाली.

"अडकला?" हॉलिसने तंगूस बोटाने चाचपला. ना डावीकडे जात होता, ना उजवीकडे. "अडकला!" तो ओरडला, आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदाच हा शब्द उच्चारताना त्याने बायकोचा मुका घेतला.

सगळं तळं टाळ्या वाजवू लागलं. त्या तंगुसाच्या मागावर पर्व्हिस बोट घेऊन गेला, खाली आकडा सोडला, दोरखंड काठावर फेकला आणि वीस जणांनी ओढला. आधी ठोकळा आला, मग चादर, मग झाड, गाळाने माखलेलं. स्पाइव्हीने सुरीने चादर फाडली. हॉलिस गुडघ्यांवर बसून फांद्या बाजूला करू लागला. खूप आत, खोडाला लागून, तार जशी पिळली होती तशीच होती, आणि तारेला पक्षी.

एका बाजूचा रंग गेला होता. नेड्राने तो तळहातावर घेतला, कोटाला पुसायला गेली आणि थांबली. मग नाकापाशी नेला.

"काय झालं?" हॉलिसने भीत भीत विचारलं.

"वास," ती म्हणाली. "ओल्या सीडरचा. हॉलिस, बाबा गिरणीतून घरी यायचे ना, तेव्हा त्यांच्या सदऱ्याला असा वास यायचा. मी विसरूनच गेले होते रे." आणि तिने पक्षी त्याच्या नाकापाशी धरला, मग ऑर्लीनच्या, मग पर्व्हिसच्या. स्पाइव्हीनेही वाकून वास घेतला. त्या ओल्या, थंडीने काकडलेल्या माणसांनी अंगठ्याएवढ्या लाकडाचा रांगेने वास घेतला, आणि कुणी विनोद केला नाही. आमच्या गावात असं सहसा होत नाही.

त्या दुपारी सगळे हॉलिसच्या घरी जेवले. अकरा भांड्यांचं दोघं करणार काय? नेड्राने आपल्याच मयताचं तीनदा वाढून घेतलं.

रविवारी चर्चहून आल्यावर ती टेबलाशी कार्डं घेऊन बसली. आमच्याकडे कुणी भांडंभर काही पाठवलं आणि आपण आभाराचं कार्ड लिहिलं नाही, तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. पण मजकूर काय लिहायचा, याचा पायंडा कुणी पाडून ठेवलेला नव्हता. खूप वेळ पेन चावून तिने पहिलं लिहिलं: 'प्रिय ऑर्लीन, माझ्या निधनानिमित्त पाठवलेल्या कोंबडी-भाताबद्दल मनापासून आभार. फारच चविष्ट होता. मी स्वतः खाल्ला.' पुढची दहा मग भराभर झाली.

बारावं कार्ड तिने हॉलिसच्या कॉफीच्या कपाखाली सरकवलं आणि आत निघून गेली. त्याने चष्मा लावून वाचलं.

'प्रिय हॉलिस, तुझ्या वेंधळेपणाबद्दल मनापासून आभार. तू नीट आवरलं असतंस, तर मला बाबांचा वास परत मिळाला नसता, आणि मी गेल्यावर चाळीस माणसं कामं टाकून येतील हे मला जिवंतपणी कळलं नसतं. तू दोन दिवस त्या थंडीत तळ्यावर उभा होतास, तेही मी जमेस धरलंय. तुझी, नेड्रा.'

हॉलिसचा चष्मा ओला झाला. तो पुसून त्याने कार्ड उलटलं. मागे आणखी दोन ओळी होत्या.

'अकरा भांडी मोरीत आहेत. घासून, ज्याची त्याला पोचवून ये, आणि प्रत्येकीला नीट सांग, की मी आहे.'